मंद स्वराचे दीर्घायुष्य

मराठी घरांतून गेली साठ वर्षे ऐकू येणाऱ्या पुरुष-आवाजांत अरुण दाते यांचा आवाज बहुधा सर्वांत कमी जोराचा असेल. त्यात पहाडीपणा नव्हता, तीन सप्तकांत लीलया फिरणे नव्हते, तानांचा पाऊस नव्हता. शेजारी बसून कोणी आपल्याशी बोलावे, इतकाच तो उंच चढे. तरीही या आवाजाने १९५५ साली आकाशवाणीवर गायला सुरुवात केली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो रसिकांच्या सेवेत राहिला. वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात एका भावगीत गायकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आपल्या मापातच वापरलेला आवाज किती काळ टिकतो, आणि अशा आवाजासाठी रचलेली गाणी उतारवयातल्या माणसाच्या किती उपयोगी पडतात, हे या चरित्रात स्पष्ट दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

अरुण दाते यांचा जन्म ४ मे १९३४ रोजी इंदूरचा. वडील रामूभय्या दाते हे त्या काळातले नामांकित रसिक. पु. ल. देशपांडे यांनी 'गुण गाईन आवडी' या पुस्तकात ज्या व्यक्तींवर प्रेमाने लिहिले आहे, त्यांत हे रामूभय्या आहेत. रामूभय्या स्वतः मैफली गाजविणारे गवई नव्हते. पण कोणती जागा सुरेख आली हे ओळखून मनापासून दाद देणे ही एक विद्याच आहे, आणि त्या विद्येत त्यांचा हात धरणारा विरळा. बेगम अख्तर यांच्यासारखे कलावंत त्या घराचे स्नेही. मुलाच्या कानावर गझल, ठुमरी आणि माळव्याची बोली यांचे संस्कार असे आपोआप होत गेले. मुलाचे मूळ नाव अरविंद. घरी सारे त्याला 'अरू' म्हणत. त्यावरून पुढे आकाशवाणीवर 'अरुण' झाले आणि तेच नाव महाराष्ट्राने स्वीकारले.

त्यांचे सुरुवातीचे संगीतशिक्षण कुमार गंधर्वांकडे झाले. येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण या गुरूंची कथा आरोग्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. विवाहानंतर थोड्याच काळात, १९४७-४८च्या सुमारास, कुमारांना क्षयरोगाने गाठले. वय तेव्हा चोविशीच्या आत-बाहेर. नाव देशभर झालेले. वैद्यकीय सल्ला असा, की गाणे थांबवा. कोरड्या हवेसाठी ते माळव्यात, इंदूरजवळच्या देवासला येऊन राहिले आणि काही वर्षे अंथरुणाला खिळून होते. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. ते मिळाले आणि कुमार वाचले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि पुढची जवळपास चार दशके त्यांनी गायनाचा एक नवाच मार्ग घडविला. त्यांच्या लहान, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचे मूळ या अपुऱ्या श्वासात आहे असे पुष्कळांनी म्हटले आहे, तर ती त्यांच्या प्रतिभेची स्वतंत्र निवड होती असे म्हणणारेही जाणकार आहेत. मला दुसरे मत अधिक पटते. श्वास अपुरा पडला म्हणून माणूस गप्प बसू शकतो. उपलब्ध श्वासात काय मांडायचे हे ठरवायला मात्र गवईच लागतो.

(जाता जाता: क्षयरोग आज सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बहुधा पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. कुमारांना जे औषध दुर्मीळतेने मिळाले, त्याहून प्रभावी औषधे आज आपल्या तालुक्यात उपलब्ध असताना ती मधेच सोडणारी माणसे पाहिली की खेद वाटतो.)

पुढे अरुण दाते यांनी के. महावीर यांच्याकडे गझल-गायनाचे धडे घेतले. पण त्यापूर्वी घराने त्यांना मुंबईला पाठविले होते, ते वस्त्रोद्योगाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी. तो काळ गिरण्यांचा होता. गिरणीशी संबंधित पदवी म्हणजे पोटापाण्याची निश्चिंती. त्यांनी ते शिक्षण पूर्ण केले, नोकरी धरली आणि पंचवीसहून अधिक वर्षे ती केली. सुताचे गणित दिवसा आणि सुरांचे संध्याकाळी, असा हा संसार. ज्यांना आपण केवळ गायक म्हणून ओळखतो, त्या माणसाच्या कर्तृत्वाचा ऐन काळ हा एका नोकरदाराचा काळ आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना दिलासा देणारी वाटेल. 'नोकरीमुळे छंद मागे पडला' हे वाक्य आपण किती सहजपणे उच्चारतो!

आता १९६२ सालाकडे वळू. संगीतकार श्रीनिवास खळे यांच्यापुढे मंगेश पाडगावकरांचे एक गीत होते. त्यासाठी त्यांना दात्यांचा आवाज हवा होता. दाते मात्र कचरत होते. त्यांचे गाणे उर्दू गझलेवर पोसलेले, आणि मराठी उच्चारांवर इंदूरची छाप. मराठी गीत आपल्या तोंडी शोभणार नाही अशी त्यांची भावना होती. खळ्यांनी पिच्छा सोडला नाही. सुधा मल्होत्रा या हिंदी चित्रपटसृष्टीत नाव मिळविलेल्या गायिकेसह ते युगुलगीत अखेर ध्वनिमुद्रित झाले आणि 'शुक्रतारा' हा शब्द त्या दिवसापासून अरुण दाते यांच्या नावाला जोडला गेला, तो कायमचा.

त्या गीतात नेमके काय घडले, हे ऐकणाऱ्याने स्वतः पाहावे. दोन आवाज आळीपाळीने येतात. कोणी कोणावर मात करीत नाही. वाद्यमेळ शब्दांच्या अंगावर येत नाही. ज्या उच्चारांची दात्यांना धास्ती होती, तेच येथे गुण ठरले. गझलेच्या शिस्तीत वाढलेला गायक प्रत्येक शब्दाचा शेवट जपतो, अक्षर गिळत नाही, आणि श्वास घेतो तो अर्थ तुटणार नाही अशाच ठिकाणी. मराठी भावगीताला हा संस्कार बाहेरून, माळव्याच्या वाटेने मिळाला.

भावगीत हा प्रकार तेव्हा नवा नव्हता. गजानन वाटवे यांनी गणेशोत्सवाच्या चौकाचौकांत कविता गाऊन तो जनसामान्यांपर्यंत नेला होता. हा प्रकार ना पूर्ण शास्त्रीय, ना नाटकाचा, ना चित्रपटाचा; तीन-साडेतीन मिनिटांत एक भावावस्था मांडणारा. घरातली कामे करता करता गुणगुणता यावा, इतका तो आटोपशीर असतो. खळे यांच्या चाली वरून सोप्या आणि आत शिरल्यावर अवघड. पण यशवंत देव यांच्या चाली अनेकदा खरोखरच आपल्याला सोबत घेऊन जातात. देव हे मूळचे पेणचे. पनवेलकरांना पेण काही परके नव्हे. गोवा महामार्गाने निघाले तर तासाभराची वाट. पाडगावकरांचे शब्द, देवांची चाल आणि दात्यांचा स्वर हा त्रिवेणी संगम मराठी भावगीताच्या इतिहासात फार फलदायी ठरला. भातुकलीच्या खेळातल्या राजाराणीच्या विरहाचे गीत याच तिघांचे, आणि जगण्यावर प्रेम करायला सांगणारे ते सर्वपरिचित गीतही याच तिघांचे. दात्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले तेही या दुसऱ्या गीतातल्याच शब्दांचे.

यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाचे एक पुस्तक लिहिले आहे. गाणे शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे. पण ज्यांना फक्त नीट बोलायचे आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल. शब्द कोणत्या वजनाने उच्चारावा, कुठे थांबावे, सूर आणि शब्द यांत कोणाला केव्हा पुढे येऊ द्यावे, हा त्यातला विचार. दात्यांचे गाणे म्हणजे या विचाराचे चालते-बोलते उदाहरण. मैफलीत त्यांना ऐकताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरे, असे जुने श्रोते सांगतात. मोठ्याने गाणाऱ्याला हे भाग्य क्वचितच लाभते.

पन्नाशीच्या आसपास त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. निवृत्तीला काही वर्षे शिल्लक असताना, मिळत्या पगारावर पाणी सोडून, गाण्यासाठी. या वयात बहुतेक माणसे 'आता आणखी किती दिवस' असे म्हणू लागतात. यांनी येथून दुसरी कारकीर्द सुरू केली. 'शुक्रतारा' या नावाने त्यांनी केलेल्या कार्यक्रमांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. गावोगावची सभागृहे, परदेशांतली मराठी मंडळे, सोबत नवनव्या सहगायिका. वडिलांचे नाव चालविणारी रसिकता आणि मुलाची ही मेहनत, दोन्ही एकाच घरातली. २०१० साली गजानन वाटवे यांच्या नावाचा पुरस्कार दात्यांना मिळाला, तेव्हा भावगीताची एक परंपरा दुसरीला भेटली असे म्हणता येईल. अखेरच्या वर्षांत प्रकृती साथ देईनाशी झाली. ६ मे २०१८ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आपल्या पनवेलकडे पाहा. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर या वसाहतींत राहायला आलेल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांचे तारुण्य गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथल्या चाळींत गेले. कोन येथे तर गिरणी कामगारांसाठी घरांची सोडतच निघाली. दात्यांनी ज्या उद्योगात उमेदीची वर्षे घालविली त्याच उद्योगाची ही माणसे. चाळीत एका घरातला रेडिओ साऱ्या मजल्याला पुरत असे, आणि गाणे ऐकण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आता बाराव्या मजल्यावर दार बंद असते. मुले-सुना कामावर, नातवंडे शाळेत. दिवसातून चार वाक्येही न बोलणारी आजी या शहरात दुर्मीळ नाही. आवाज हा स्नायूंचा व्यापार आहे; न वापरलेला स्नायू जसा बारीक होतो, तशा कंठातल्या स्वरपट्ट्याही वयोमानाने पातळ होतात, छातीचा भाता लहान होतो आणि बोलणे क्षीण, कापरे होते. शांतपणे बोलणाऱ्या प्रौढ पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या दोनशेच्या आसपास एकमेकींना भेटतात. इतके काम करणाऱ्या अवयवाकडे आपण घसा बसेपर्यंत लक्ष देत नाही.

अशा घरात गाणे परत यावे, असे मला आग्रहाने वाटते. मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. अमुक राग ऐकल्याने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह बरा होतो, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवून गोळी बंद करू नका. संगीत हे औषधाला पर्याय नाही. त्याचे खरे गुण त्याहून साधे आणि अधिक भरवशाचे आहेत. गाताना श्वास सावकाश सोडावा लागतो; हा सराव फुप्फुसांना आणि मनालाही मानवतो. चारजण एकत्र गायले की एकाकीपण उणावते. आणि ज्यांच्या स्मृतीला ग्रहण लागले आहे, त्यांच्यापैकी अनेकांत लहानपणापासून ऐकलेली गाणी सर्वांत शेवटी विसरली जातात. मुलाचे नाव न आठवणारे आजोबा ओळखीच्या चालीचे पुढचे कडवे अचूक धरतात, हे दृश्य अनेक कुटुंबांनी पाहिले असेल. विस्मृती त्याने बरी होत नाही. पण त्या चार मिनिटांत आजोबा पुन्हा आपल्यात असतात. पक्षाघातानंतर बोलणे गेलेल्या काही रुग्णांना शब्द बोलता येत नाहीत, पण गाऊन उच्चारता येतात. वाचातज्ज्ञ या गोष्टीचा उपयोग करून उपचारपद्धती चालवितात. घरात असा रुग्ण असेल तर वाचातज्ज्ञांना याविषयी अवश्य विचारा.

कोणती गाणी निवडावीत? येथे दात्यांचा मंद स्वर पुन्हा कामी येतो. तार सप्तकात किंचाळायला लावणारी चित्रपटगीते ज्येष्ठांना झेपत नाहीत. त्यांचा घसा ताणतो, मग खोकला येतो आणि 'आता माझ्याने होत नाही' म्हणून ते कायमचे गप्प बसतात. दाते ज्या मधल्या पट्ट्यात वावरत, तो बोलण्याच्या आवाजाच्या जवळचा आहे. कराओकेचा छंद असलेल्यांनी मूळ पट्टीचा अट्टाहास सोडावा. हार्मोनियमवर काळी एक किंवा पांढरी चार, जी आपल्याला सुखाची वाटेल ती धरावी. मोबाइलवरच्या अनेक कराओके सोयींत पट्टी खाली-वर करता येते. गायकाच्या पट्टीत गाता येणे ही परीक्षा नाही. स्वतः दात्यांनी आपल्या आवाजाला जे झेपते तेच निवडले, आणि त्यात कमीपणा मानला नाही.

गाण्यापूर्वी पाच मिनिटे खर्जात, ओठ मिटून गुंजारव करावा. खांदे उचलून नव्हे, पोट फुगवून श्वास घ्यावा. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, विशेषतः रस्ते आणि बांधकामे यांची धूळ जेथे घशात जाते तेथे. सतत खाकरण्याने स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी बरे. घसा बसला असता कुजबुजून बोलणे ही विश्रांती नव्हे, त्याने ताण वाढू शकतो. हळू पण नेहमीच्या स्वरात बोलावे किंवा मौन पाळावे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण वर येणारे आम्लपित्त रात्रीत घसा भाजून काढते. तंबाखू व मिस्री यांविषयी वेगळे सांगायला नको. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर 'सर्दी असेल' असे म्हणून न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी तर त्याहूनही लवकर.

एक काम या रविवारी करता येईल. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ वही घेऊन बसा आणि त्यांना वीस वर्षांच्या असताना कोणती गाणी आवडत, ते विचारा. नाव आठवले नाही तर चाल गुणगुणू द्या. चाल सापडली की नातवंडे फोनवर गाणे शोधून देतील. दहा गाणी झाली तरी पुरे. ती यादी फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा, म्हणजे पुढे रुग्णालयात राहायची वेळ आली किंवा घरी सेवेसाठी कोणी बाई आल्या, तर त्यांनाही कळेल की आजींना शांत करायला काय लावायचे. पनवेलच्या अनेक भागांत ज्येष्ठ नागरिक संघ भरतात. तेथे अशी एक सामाईक वही ठेवली तर उत्तम. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात जुन्या भावगीतांचा कार्यक्रम असला तर तिकीट एकाऐवजी दोन काढा, आणि आजोबांना नेताना नेहमीच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि एक शाल बरोबर घ्या. वातानुकूलित सभागृहात बसून त्यांचे गुडघे आखडतात.